थोरल्या भन्तेंचा चष्मा

“पण सुरुवात कुठून करू, भन्ते? तेवढंच सांगा.”

उत्पला रंगारी पुण्याहून थेट पवनीजवळच्या टेकडीवरल्या विहारात आली होती. तीनदा वाकून वंदन करायचं, तेही तिनं एका दमात उरकलं आणि गाऱ्हाणं मांडलं.

प्रबंध अर्धा पडलेला. मुदत महिनाअखेर. लॅपटॉपवर पन्नास खिडक्या उघड्या, फोन सारखा किणकिणतोय. एक काम हातात घ्यावं तर दुसरं डोक्यात टोचतं, आणि दोन्ही उद्यावर जातात.

“डोकं फुटायची वेळ आलीय, भन्ते.”

भन्ते शीलरत्न अंगणातली पिंपळाची पानं झाडत होते. झाडू चालूच राहिला.

“मी रोज सकाळी धम्माचे दोन शब्द फोनवर बोलून पाठवतो, ते ऐकते का गं?”

“रोज!” उत्पला जरा ताठ झाली. “तुमची देसना ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. लगेच उत्तरही देते की.”

“देते खरं. साधू, साधू, साधू.”

“आणि तीन फुलं,” ती हसली.

चांगलं काही ऐकलं की ‘साधू’ म्हणायची विहारातली रीतच. पहिलं अक्षर टाकलं की पुढचं तिचा फोन आपणच लिहून टाकायचा.

कोपऱ्यातल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

“थोरले भन्ते झोपलेत का?” तिनं आवाज खाली आणला. पिशवीतून चष्म्याची डबी काढली. “त्यांचा चष्मा आणलाय. काच बदलून. जरा उशीरच झाला...”

जरा म्हणजे सहा महिने. चष्म्याचं दुकान तिच्या होस्टेलच्या खालीच होतं.

झाडू थांबला.

“मागच्या महिन्याची अकरा तारीख काढ,” भन्ते म्हणाले. “लाव मोठ्यानं.”

तिनं बोट सरकवलं. प्रत्येक मेसेजशेजारी न ऐकल्याचा ठिपका होता. वर, खाली, जिथवर बोट जाईल तिथवर. तिनं फोन किंचित आपल्याकडे वळवून धरला.

“दिसला मला,” भन्ते म्हणाले. “लाव.”

एकोणीस सेकंद. आधी नुसता श्वास. मग भन्तेंचाच आवाज, घोगरा, अनोळखी वाटावा असा...

‘उत्पला, आज देसना नाही. थोरले भन्ते पहाटे गेले. चारला नेतोय. पोरी, चष्म्याची आता घाई नाही.’

त्याखाली तिचं उत्तर. सकाळी सहा बावन्न.

साधू, साधू, साधू. तीन फुलं.

उत्पलाच्या हातातली डबी फरशीवर आपटली. त्या आवाजानं ती स्वतःच दचकली.

आईनं दोनदा विचारलं होतं. ‘विहारातलं कळलं ना गं?’ ‘हो हो, कळलं,’ लॅपटॉपमधून मान वर न काढता ती म्हणाली होती.

“तुझं उत्तर बघितलं,” भन्ते म्हणाले, “आणि मी म्हटलं, पोरगी पोचली! आम्ही इथं म्हातारे रडत बसलोय, आणि ही मरणालाही साधू म्हणते.”

ते हसले नाहीत.

उत्पलाला हुंदका आवरेना. “मी... मी सगळं काढून टाकते, भन्ते. सगळे ग्रुप. उद्यापासून पाचला उठते. तुमचे सगळे मेसेज पहिल्यापासून ऐकते, वहीत लिहून—”

भन्ते केव्हाच झाडू ठेवून कोपऱ्यातल्या खोलीत गेले होते.

परतले ते एक चीवर, भिक्खूचं अंगावरचं वस्त्र, घेऊन. थोरल्या भन्तेंचं, धुऊन धुऊन विटलेलं. काठाशी वीतभर उसवलं होतं. तिथंच सुई टोचून ठेवली होती. रिकामी.

“रोज घेऊन बसायचे,” भन्ते म्हणाले. “दोरा ओवला जाईना. मी ओवून देतो म्हटलं, तर म्हणायचे, राहू दे. पोरगी आणतेय ना चष्मा.”

उत्पला मटकन खाली बसली, आणि भन्तेंनी चीवर तिच्या मांडीवर ठेवलं.

भन्तेंनी फरशीवरची डबी उचलली, उघडली आणि चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला.

पिंपळ विरघळला. दार गेलं, पायऱ्या गेल्या. समोर उभे भन्तेही नुसता एक पिवळा डाग झाले. दिसत होती ती एकच गोष्ट. मांडीवर आलेली सुई. सुईचं नेढं एवढं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

पिशवीत फोन थरथरला. एकदा... पुन्हा एकदा.

तिचा हात तिकडे गेला. आणि अर्ध्यात थांबला.

“पण भन्ते...” ती सुईकडे बघत म्हणाली. “ते तर गेले. आता हे कुणासाठी?”

झाडू पुन्हा पानांवरून फिरू लागला.

मग त्या पिवळ्या डागातून भन्ते म्हणाले, “उसवलंय ना अजून.”