भुसावळहून आलेलं इंजिन

"यात माझी काही चूक आहे का, बाबा? तुम्हीच सांगा. आहे का?"

अच्युतराव हुपरीकर दर्ग्याच्या ओवरीची पायरी चढण्याआधीच बोलायला लागले होते. काखेत लाकडी पेटी, मुठीत पत्राचं पाकीट.

दस्तगीरबाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात एक कोरी सतार आडवी ठेवली होती, आणि ते तिच्या भोपळ्यावरून फडकं फिरवत होते.

मिरजेच्या त्या गल्लीत सतारी घडतात. दूरदूरच्या मुलखांत जातात. जाण्याआधी दर्ग्यातल्या या म्हाताऱ्या फकिराच्या हातून पेटीत बांधून जातात. बाबांनी बांधलेली सतार वाटेत तडकल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्याबद्दल ते पसाभर पीठ घेतात, जास्त नाही.

अच्युतराव कोल्हापूरचे. जुन्या, खेळण्यातल्या आगगाड्या लिलावात घ्यायचा त्यांना नाद. घरी काचेच्या कपाटांत साठ-सत्तर इंजिनं उभी. दोन वर्षांपूर्वी एक नाजूक गाडी परदेशी पाठवायची वेळ आली, तेव्हा बाबांनी ती बांधून दिली होती. तेव्हापासून ते दर गुरुवारी येत, बांधणी शिकत, बाबांना गुरू म्हणत. ही विद्या आता दोघांनाच येते, एक बाबा आणि दुसरा मी, असंही चारचौघांत सांगत.

"बस," बाबा म्हणाले.

"बसायला आलो नाही मी!"

"मग आम्हीच उभं राहू का, रावसाहेब?" कोपऱ्यातून मौलाली म्हणाला. पुढ्यातली सतार त्यानंच घडवली होती, आणि ती बांधून होण्याची तो वाट बघत होता.

अच्युतरावांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेटी खाली ठेवली, झाकण उघडलं.

"पुण्याच्या लिलावात घेतलं हे. सहा जण बोली लावत होते, बाबा. पाच जणांना गप्प केलं मी. चावीचं इंजिन, पत्र्याचं, माझ्या आजोबांच्या वेळचं. असं दुसरं मिळायचं नाही. आणि बघा माझ्या घरी काय आलं!"

हिरव्या रंगाचं, कडेला सोनेरी रेघ असलेलं वीतभर इंजिन होतं. पुढचं एक चाक निखळलेलं. चाकांचा कणा वाकलेला.

बाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं.

"बांधलं कुणी?"

"विकणारीनंच. भुसावळची कुणी यमुनाबाई फालक. नवरा रेल्वेत गार्ड होता. त्याला कुणा साहेबानं नोकरी सोडून जाताना दिलेलं. माल पाठवायचं काम लिलाववाल्यांनी तिच्यावरच टाकलं. आणि तिनं कशात गुंडाळलं बघा... खणात! वर मूठभर तांदूळ! इंजिनाची ओटी भरली हो बाईनं!"

मौलालीला हसू आलं. "मग सासरी नीट नांदवायचं होतं की."

"तुम्ही मध्ये बोलू नका!"

पेटीच्या तळाशी तो खण चुरगळून पडला होता. बाबांनी बाहेर काढला. झटकला. तांदूळ वेचून त्यातच घातले, आणि घडी करून मांडीवर ठेवला.

मग ते नखानं कण्याभोवतीचा पेंढा उकलू लागले. तो पिळासारखा घट्ट बसला होता.

"हे चाललंय," ते म्हणाले.

"काय?"

"पेटीत चाललंय. धक्का बसला, खटका सुटला, चाकं फिरली. पेंढा ओढून घेतला आत. जेवढी चावी होती तेवढं चाललं बिचारं."

"तेच तर म्हणतोय मी! चावी भरून पाठवलं तिनं! आणि वर कबूल करते. ही चिठ्ठी निघाली पेटीत. पुरावाच आहे. ऐका."

त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि एकेका शब्दावर जोर देत वाचला.

"'हे रोज दिवेलागणीला एक फेरी चालवायचे. मी बघत बसायचे. आता लेकीकडे राहायला जाते आहे, तिथे जागा नाही. चावी पूर्ण भरून ठेवली आहे. पेटी उघडली की लगेच चालेल, तुमचा खोळंबा नको. याचे डबे पुढच्या महिन्यात लिलावाला आहेत. सगळे एकाच घरी गेले तर जिवाला बरं वाटेल.' जिवाला बरं वाटेल म्हणे! आणि माझ्या जिवाचं काय?"



बाबांनी निखळलेलं चाक खणाच्या घडीवर ठेवलं.

"तू चालवतोस?"

"काय चालवतो?"

"तुझ्या घरातल्या गाड्या."

"बाबा, त्या चालवायच्या नसतात."

"मग?"

"सांभाळायच्या असतात."

"अस्सं..."

अच्युतरावांचा आवाज चढला. "विषय बदलू नका, बाबा. मी पत्र लिहिलंय तिला. याचीच एक प्रत लिलाववाल्यांना जाईल. डबे घेणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत. त्या डब्यांना एकही माणूस हात लावणार नाही, बघाच तुम्ही. मोडका माल गळ्यात मारणारी बाई म्हणून तिचं नाव झालं पाहिजे. तुम्ही फक्त खाली दोन ओळी लिहा, बांधणी चुकली म्हणून. तुमचा शब्द म्हटल्यावर पुढं कुणी तोंड उघडणार नाही."

"बांधणी चुकली, हे खरं."

"झालं तर! लिहा."

"हातातलं होऊ दे आधी."

बाबा सतारीकडे वळले. त्यांनी तारेवर बोट टेकवलं. सतार गोड बोलली.

"मौलाली, पुन्हा सुरात लावून आणलीस?"

मौलाली ओशाळला. "राहवत नाही, बाबा. दोन दिवस बसलो होतो. तिकडं गिऱ्हाइकानं उघडली की लगेच वाजावी, असं वाटतं."

"चाळीस वर्षं सांगतोय."

"चाळीस वर्षं वाटतंय."

"कमाल आहे!" अच्युतराव उसळले. "अहो, ताणलेल्या तारांनी सतार पाठवली तर वाटेत भोपळा तडकतो! एवढं मला दोन वर्षांत कळलं, आणि तुम्ही घडवणारे असून..."

ते मध्येच थांबले. बाबा त्यांच्याकडे बघत होते. रागानं नव्हे, नुसतं बघत होते.

मग बाबांनी खुंट्या एकेक करून सैल केल्या. मौलालीला ते एक शब्द बोलले नाहीत. तारा मऊ पडल्या. तारांखालची घोडी काढून कापसात गेली. भोपळ्याभोवती पेंढा बसला, पोतं आलं. सतार पेटीत उतरली, झाकण लागलं, सुतळी आवळली.

शेवटी बाबांनी पेटी उचलून कानाशी नेली. डोळे मिटले. हलवली.

आत बारीकसं काहीतरी खुळखुळलं.

"वाजतंय. सोड."

"एवढ्याशानं काय होतंय, बाबा? गाडीची वेळ झाली."

"सोड."

मौलालीनं गाठी सोडल्या. पेंढ्यात तारेची एक नखी सापडली, बोटात घालून सतार छेडायची. ती कापडात बांधली, पेटी पुन्हा आवळली. बाबांनी पुन्हा कानाशी नेली, पुन्हा हलवली.

काही नाही.

"ने आता."

मौलालीनं पेटी खांद्यावर घेतली. अच्युतरावांनी पाकीट पुढं केलं.

"लिहिताय ना?"

बाबांनी हात पुढं केला नाही.

"लिहीत नाही?... नाही लिहीत?" अच्युतरावांनी पाकीट मागं घेतलं. "दोन वर्षं तुमच्या पायाशी बसलो, बाबा. दर गुरुवारी. एक गुरुवार चुकवला नाही. आणि तुम्हाला ती परकी बाई जवळची? वस्तू माझी मोडली! अपराध तिचा, आणि माझी बाजू घ्यायला गुरूसुद्धा नाही? राहू दे! तुमच्या दोन ओळींवाचून माझं अडत नाही."

त्यांनी जिभेनं पाकिटाची कड ओली केली, मांडीवर दाबून पाकीट बंद केलं, आणि मौलालीपुढं धरलं.

"स्टेशनलाच निघालात ना? टाका हे तिथल्या टपालात. भुसावळला जायचंय."

मौलालीनं पाकीट घेतलं. बाबांकडे बघितलं. जागचा हलला नाही.

बाबांनी खण आणि चाक जपून बाजूला ठेवलं. भिंतीला धरून उठले. मौलालीच्या हातातून पाकीट काढून घेतलं.

अच्युतरावांना वाटलं, फाडतात.

बाबांनी ते कानाशी नेलं. डोळे मिटले. हलवलं.

बराच वेळ ते ऐकत राहिले...

मग त्यांनी पाकीट अच्युतरावांच्या हातात परत दिलं.

"वाजतंय. सोड."