डोंगराईच्या मांडीवर राहिलेली ठकी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. राजा नव्हता हं त्या गावात, उगाच वाट बघू नका. एक शाळा होती आणि शाळेत एक पंतोजी होते. आता त्या गावची एक रीत ऐका. पोरं कधी कुणी मोजायचं नाही. गुरं मोजा, आंबे मोजा, पण पोरं मोजली की नजर लागते, अशी सगळ्यांची समजूत. मग पंतोजी काय करायचे? ओळी लावायचे. एका ओळीत तीन मुली, दोन मुलगे, हातात हात. ओळी पुऱ्या भरल्या की शाळा पुरी. पोरं किती, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही.

त्या शाळेत सगुणा होती, दहा वर्षांची. आणि तिची धाकटी बहीण ठकी, पाच वर्षांची. घरी लेकी या दोनच. दोघी अगदी शेवटच्या ओळीत चालायच्या, कारण ठकी वाटेत प्रत्येक मुंगीशी बोलायची.

करवंदं पिकली की सगळी शाळा डोंगरावर जायची. डोंगराच्या पोटात राहायची डोंगराई. केस गवताचे, हात खडकासारखे खरबरीत, पण बोलणं असं मऊ की काय सांगू! वर्षातून एक दिवस ती आपलं दगडी दार उघडायची. आत वेली आपण होऊन झोका द्यायच्या, मधाचा झरा वाहायचा, ससे अंगाई म्हणायचे. मग संध्याकाळी डोंगराई सगळ्यांना परत पाठवायची आणि दार लावून घ्यायची. मग वर्षभर एकटीच.

एका वर्षी काय झालं, ठकी खेळून खेळून दमली आणि डोंगराईच्या मांडीवरच झोपली. गालाला करवंदाचा चीक लागलेला. डोंगराईला काही तिला उठववेना. तिचा जीवच जडला हो त्या पोरीवर. मग तिने दारातून हलकेच एक फुंकर घातली, आणि सगळ्यांच्या मनातून ठकी पुसली गेली. पंतोजींच्या गेली, पोरांच्या गेली, सगुणाच्याही गेली. तुम्हाला ठाऊक आहे ठकी कुणाची ते, पण सगुणाला नाही, बरं का.

पोरं उतरायला लागली. सगुणाच्या जिवाला नुसती चुटपुट.

"पंतोजी, काहीतरी वर राहिलंय."

"काय राहिलं?"

"ते आठवत नाही."

मग तिने आपल्या ओळीकडे बघितलं. दोन मुली, दोन मुलगे.

"पंतोजी, आपली ओळ अपुरी आहे!"

"असेल पहिल्यापासून तशीच. मोजू नकोस बाई, नजर लागेल."

"मी मोजत नाही, ओळ बघतेय," सगुणा म्हणाली, आणि धूम पळत वर गेली. दोन्ही हातांनी दगडी दार बडवलं. दार बोटभर उघडलं.

"आई, आमचं एक माणूस तुझ्याकडे राहिलंय."

"असं? मग सांग, मुलगा की मुलगी?"

"मुलगी. तीन मुलींमागे दोन मुलगे असतात आमच्यात. मुलगे दोन आहेत. मुली दोनच आहेत."

दार वीतभर उघडलं.

"बरं. मग तुम्ही सगळी मिळून किती?"

आली का पंचाईत! पोरं तर कुणी मोजलीच नव्हती. सगुणा खाली बसली, डोकं धरून. मग तिला आठवलं, मुलग्यांनी चढायला एकेक काठी आणली होती आणि सगळ्या काठ्या दाराशी टेकवून ठेवल्या होत्या. उतरताना कुणालाच त्यांची आठवण राहिली नव्हती. पोरं मोजायची नाहीत, पण काठ्या मोजायला कुणाची बंदी? काठ्या भरल्या चोवीस. हे मुलग्यांचे दोन वाटे. मग एक वाटा बाराचा. मुलींचे तीन वाटे, म्हणजे छत्तीस.

"सगळी मिळून साठ!"

दार हातभर उघडलं. आत डोंगराई दिसली, पण तिच्या मांडीवर गवताची चादर होती.

"हुशार आहेस गं. मग आता सांग, साठात एक म्हणजे शेकडा किती?"

सगुणाने बोटांवर हिशेब केला. तिचा आवाजच बारीक झाला. "शेकड्याला पावणेदोनसुद्धा भरत नाही."

"मग? पावणेदोनसुद्धा नाही, आणि त्यासाठी एवढी धावलीस? एकोणसाठ आहेत की तुमच्याकडे!"

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हटली नाही.

"आई, ती कुणाची ते मला आठवत नाही. पण कुणाची तरी आहेच ना? तिच्या घरी लेकी दोनच असतील, तर एक गेली म्हणजे शेकडा पन्नास. निम्मं घर गेलं. आणि एकुलती एक असेल, तर शेकडा शंभर. त्या घराला तू पावणेदोन कसं सांगशील?"

डोंगराईने मांडीवरच्या चादरीवरून हात फिरवला.

"आणि माझ्या घरी?" ती हळूच म्हणाली. "माझ्या घरी तर शून्य आहे गं."

सगुणा आत गेली आणि तिने तो खरबरीत हात धरला. "शून्याचे शेकडा किती, ते पंतोजींनी नाही शिकवलं अजून. पण आई, वर्षातून एकदा कशाला? आम्ही दर सोमवारी येऊ. सगळी. पुऱ्या ओळी घेऊन."

मग डोंगराई रडली. ती रडली तसा डोंगरातून झरा फुटला आणि गावच्या विहिरी काठोकाठ भरल्या. तिने गवताची चादर बाजूला केली. ठकीने डोळे चोळले, सगुणाकडे बघितलं आणि गाल फुगवून म्हणाली, "ताई, किती गं उशीर केलास!"

"ताई" म्हणाली मात्र, सगुणाला सगळं सगळं आठवलं. तिने ठकीला असं घट्ट धरलं की ठकी ओरडली.

मग दर सोमवारी पोरं डोंगरावर जायला लागली. डोंगराईने पुन्हा कधी कुणाला ठेवून घेतलं नाही, आणि तिचं दारही पुन्हा कधी लागलं नाही. सगळी सुखात राहिली. चला, आता तुम्हीही एकमेकांच्या अंगावर पांघरूण घाला आणि डोळे मिटा बघू.