बाराव्या लेथवरची शीळ

“उस्ताद, रिपोर्ट पास आहे. आता आणखी काय बघायचं?”

असंच विचारलं होतं का मी? शब्द थोडे वेगळे असतील. तोरा मात्र हाच होता. डॉक्टरेट नवी होती.

कोल्हापूरच्या त्या कारखान्यात बेसिनचे नळ बनत. पितळेत शिसं जास्त निघालं म्हणून हॅम्बुर्गहून अख्खा माल परत आला होता. पुन्हा आला, तर कारखान्याला कुलूप. मी बिनशिशाचं पितळ तयार केलं. प्रयोगशाळेने एक नळ तपासून होकार दिला.

हसनसाब उस्ताद चाळीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. रिपोर्ट त्यांनी हातातही घेतला नाही.

“चला, फिरून येऊ.”

पहिल्याच लेथवर शिव्या.

“काय ओ डॉक्टरसाहेब, पितळ हाय का पोलाद? तिसरं टूल गेलं!”

दुसऱ्यावर कीस स्प्रिंगसारखा लांब निघून गुंडाळला होता.

“बायकोचं केस बी एवढं गुंतत न्हाईत.”

अकरा लेथ, अकरा तक्रारी. उस्ताद हसत पुढे, मी मान खाली घालून मागे.

बाराव्यावर सर्जेराव शीळ घालत होता.

“लोण्यागत चाललंय, साहेब!”

“बघा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “शिका याच्याकडून!”

उस्ताद वाकले. सर्जेरावच्या लेथखालचा कीस मुठीत घेतला, मूठ उघडली…

रवा.

त्यांनी लेथ बंद केला. “याचा माल बाजूला काढा.”

सर्जेराव गोरामोरा झाला. “जुन्या सळया कोपऱ्यात पडून हुत्या, उस्ताद. वाया जातील म्हनून…”

शिसं असलं की पितळ सहज कापलं जातं आणि किसाचा भुगा होतो. माझ्या प्रबंधात हे वाक्य होतं.

बाराव्या लेथचा माल वगळून कंटेनर गेला. दीड महिन्याने तार आली: माल स्वीकारला. लेथ थांबवून लोक नाचले. सर्जेराव सगळ्यांत पुढे.

त्या गोंगाटात मी उस्तादांना गाठलं.

“रिपोर्ट नसता, तर कशाच्या भरवशावर माल पाठवला असता?”

“अकरा जणांनी शिव्या दिल्या होत्या, साहेब. आणखी किती सह्या पाहिजेत?”

पुढे बऱ्याच वर्षांनी हॅम्बुर्गला गेलो, तेव्हा तिथली जुनी नोंद मुद्दाम काढायला लावली. त्या मालातले साठ नळ त्यांनी कापून तपासले होते. साठही पास.