गुणाईची तीन भांडी

एक होतं गाव. ते होतं उघड्या कातळावर. तिथं गवताची काडी उगवत नव्हती. खालच्या बाजारातून धान्य आणावं, तेव्हा चूल पेटावी. राजाचीही तीच गत, बरं का. राजा झाला म्हणून काही दगडातून भाकरी येत नाही.

एकदा काय झालं, खाली नदी कोपली. बघता बघता तिनं सात गावं गिळली. वाचली ती माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी वर आली नि वेशीबाहेर बसली. राजा म्हणाला, "आपलंच आपल्याला पुरत नाही. पण दमलेत, बसू द्या चार दिवस."

गावात गुणाई नावाची म्हातारी होती. हातावर पोट. घरात भांडी तीनच. पहिल्या दिवशी तिनं पातेलंभर कण्या शिजवल्या नि वेशीबाहेरच्या राही नावाच्या एका बाईला नेऊन दिल्या. पातेलं परत आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी चरवीभर पेज नेली. चरवीही आली नाही. मग तिसऱ्या दिवशी तांब्याभर ताक नेलं. तांब्याही गेला. हसू नकोस गं ठमे, तू असतीस तर पहिल्याच दिवशी भांडून आली असतीस.

मग गाव बोलायला लागलं. "आज भांडी लाटली, उद्या घरं लाटतील." राजाच्या कानावर गेलं. राजा म्हणाला, "उद्या दिवस मावळायच्या आत भांडी आली नाहीत, तर या लोकांनी कातळ उतरावा." उतरून जाणार कुठं? खाली सगळं पाणीच.

गुणाईचा जीव खालीवर झाला. दुसऱ्या दिवशी ती वेशीबाहेर गेली. बघते तर काय, तिन्ही भांडी घासूनपुसून लख्ख, दगडावर ओळीनं मांडलेली. राहीनं मान खाली घातली. "आजी, आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आणि आमच्याकडं घालायला काही नाही. रोज घासते नि लाजेनं ठेवून देते."

"अगं बाई," गुणाई म्हणाली, "आमच्यातही तीच रीत आहे. चिमूटभर काहीही घाल."

मग राहीनं पदराची गाठ सोडली. निघताना तिनं अंगणातली चिमूटभर माती बांधून घेतली होती. ती पातेल्यात घातली. एका म्हाताऱ्याच्या पाण्याच्या सुक्या भोपळ्यात त्याच्या विहिरीचं घोटभर पाणी उरलं होतं. ते त्यानं तांब्यात ओतलं. राहीची लहानगी आपल्या खुळखुळ्याकडं बघत राहिली. मग तिनंच तो फोडला नि आतले तीन जोंधळे चरवीत टाकले.

दिवस कलला तेव्हा गुणाईनं तिन्ही भांडी राजापुढं ठेवली. राही शेजारी उभी. राजानं पातेल्यात डोकावलं. "चिमूटभर माती?" म्हणून त्यानं ते उपडं केलं.

माती पडली. पडतच राहिली. काळी, मऊ, लोण्यासारखी. राजाचे पाय बुडले. माती वेशीपर्यंत गेली, वेशीबाहेर गेली, सगळा कातळ झाकला. मग राजानं तांब्या कलता केला. पाणी खळखळत निघालं नि मातीत जिरलं. मग त्यानं चरवी उलटी केली. तीन दाणे पडले आणि सूर्य टेकायच्या आत कमरेएवढा जोंधळा उभा राहिला, कणसांनी वाकलेला. बाळांनो, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारेकोतारे रडले.

राजानं पागोटं काढलं. राहीला म्हणाला, "बाई, तुझ्याजवळ एवढं होतं, तर तू उपाशी का बसलीस?"

राही म्हणाली, "महाराज, माझ्याजवळ ती चिमूटच होती. ती तुमच्या भांड्यात पडली, तेव्हा हे झालं."

मग राजानं वेस पाडून टाकली. गाव एक झालं, शेतं सगळ्यांची झाली. आणि गुणाईनं नवी रीत घातली. भांडं रिकामं परत आलं, तर रागावू नये. ते पुन्हा भरून पाठवावं.

त्यांची भांडी जशी भरली, तसे तुमचे डोळे झोपेनं भरोत. निजा आता.