न बांधलेला रंगमंडप

एका डोंगराच्या कुशीत एक मोठे विद्यालय होते. लांबलांबच्या गावांतली मुले-मुली तिथे शिकायला येत. राहायला खोल्या होत्या, गोशाळा होती, पोथ्यांचे घर होते. पण सगळ्यांनी मिळून बसावे, गावे, नाटक करावे, अशी जागा तेवढी नव्हती. अंगणात कोणी गाऊ लागले, की पुढच्यांना ऐकू येई. मागची मुले चिंचा खात बसत.

तिथल्या राणीने हे पाहिले. तिने गिरमाजी नावाच्या स्थपतीला बोलावून घेतले.

"इथे एक रंगमंडप बांधा," राणी म्हणाली. "मुले गातील, गावही येऊन ऐकेल. काम पुरे झाले की खूण तुमची."

त्या राज्यात अशी रीत होती, की बांधकाम संपले म्हणजे शेवटच्या दगडावर मुख्य स्थपतीने आपली खूण कोरायची. गिरमाजीने देवळे बांधली होती, नदीचे घाट बांधले होते. पण ते सगळे गुरूच्या हाताखाली, आणि खूणही गुरूची. त्याची स्वतःची खूण होती एक लहानशी टिटवी. तरुणपणीच त्याने ती ठरवून ठेवली होती. आता केस पांढरे झाले, तरी ती टिटवी अजून एकाही दगडावर उतरली नव्हती.

विद्यालयाच्या मागे डोंगरात एक मोठा खळगा होता. सुपासारखा. तीन बाजूंनी उतार आणि एक बाजू मोकळी. उतारावर करंजाची जुनी झाडे होती. गिरमाजीला जागा पसंत पडली. त्याच्या गुरूचा नियम होता, आधी जमीन सपाट करायची, मगच पायाला हात घालायचा. म्हणून त्याने तोडायच्या करंजांवर चुन्याचे पट्टे ओढले आणि खळगा मुरमाने भरायला घेतला. त्यावर दगडी खांबांचा मंडप उभा राहणार होता.

एके दुपारी तो खळग्याच्या वरच्या काठावर उभा होता. खाली तळाशी मुरूम वाहणाऱ्या दोघी बायका, ठकू आणि सगुणा, भाकरी खात बसल्या होत्या. वरून त्या बोटाएवढ्या दिसत होत्या.

"तो बघ, उभा राहिला बगळ्यासारखा," ठकू सगुणेच्या कानाशी म्हणाली.

"मासा दिसला असेल."

"हा हसतो का गं कधी?"

"हसत असेल. मिशांच्या बाहेर येत नसेल."

गिरमाजीने दचकून मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. शेजारी उभे राहून बोलावे तसे ते शब्द त्याला ऐकू आले होते.

तो घाईघाईने खाली उतरला. बायका उठून उभ्या राहिल्या.

"आत्ता काय बोलत होतात?"

"काही नाही, मालक," ठकू म्हणाली. "भाकरीत मीठ कमी पडलं, तेच आपलं."

"मग तेच पुन्हा बोला. तितक्याच हळू. मी वर जातो."

धापा टाकत तो वर पोचला आणि कान देऊन उभा राहिला.

"ऊन लागलं गं बिचाऱ्याला," खालून सगुणेचा आवाज आला. "कांदा दे जरा त्याला हुंगायला."

तो काठाकाठाने चालत दुसऱ्या टोकाला गेला. तिथेही तसेच. ठकूने बुक्कीने कांदा फोडला, तोही आवाज त्याला ऐकू आला.

तो तिथेच एका करंजाखाली बसला. आयुष्यभर त्याने घुमट बांधले होते. घुमटात शब्द घुमतो खरा, पण एकावर एक चढून त्यांची गर्दी होते. इथे शब्द जसा निघाला तसाच पोचत होता. हे कोणी घडवले? पावसाने आणि वाऱ्याने. किती काळ लागला असेल, त्याला कल्पना करवेना. आणि एवढा काळ इथे बोलायलासुद्धा कोणी नव्हते.

आणि आपण ते मुरमाने बुजवत होतो.

पण खळगा राखायचा तर मंडप बांधता येणार नव्हता. मंडप नाही तर शेवटचा दगड नाही, आणि दगड नाही तर खूण नाही. पुन्हा असे काम हाती येईल, इतके आयुष्यही उरले नव्हते. तो गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलेही नसते. त्या दोघींनाही कळले नव्हते. तो बसून राहिला. दिवस कलला, तशी डोंगराची सावली आपोआप खळग्यावर पसरली. छताचीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "भरलेला मुरूम काढा."

"काल टाकला, आज काढायचा," ठकू म्हणाली. "उद्या पुन्हा टाकायचा का, मालक?"

"नाही. उद्या झाडांवरचा चुना धुवायचा."

मग गिरमाजीने उतारावर गवताच्या रुंद पायऱ्या केल्या. तिथलेच दगड चुना न लावता रचले, म्हणजे पावसाचे पाणी फटींतून वाट काढून डोंगराखालच्या एका तळ्याला मिळेल. तळाची माती चोपून तिथे सारवून घेतले. बस्स, एवढेच.

राणी पाहायला आली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मंडप कुठे आहे?"

"बांधला नाही, राणीसाहेब."

"मग इतके दिवस काय केलेत?"

"मुरूम टाकला. तो काढला."

"आणि तुमची खूण?"

"कोरायला घडवलेला दगडच नाही." मग तो म्हणाला, "आपण वरच्या शेवटच्या पायरीवर बसावे."

राणी वर जाऊन बसली. गिरमाजी तळाशी गेला आणि आजारी लेकराशी बोलावे इतक्या हळू म्हणाला, "हे माझ्या हातून मोडणार होते, राणीसाहेब. थोडक्यात वाचले."

राणीने चमकून शेजारी पाहिले. शेजारी नुसते गवत होते. मग तिने पायांतले जोडे काढले आणि बाजूला ठेवले.

थंडीच्या दिवसांत तिथे पहिली सभा भरली. आसपासची गावे लोटली. विद्यालयातली एक लहान मुलगी तळाशी उभी राहून गायली. आवाज कोवळा होता, पण काठावर उभ्या असलेल्या माणसांनाही तिचा श्वास ऐकू येत होता. गाणे संपले तरी कोणी हलले नाही.

गिरमाजी मधल्या एका पायरीवर गर्दीत बसला होता. शेजारी बसलेल्या परगावच्या माणसाने डोळे पुसले आणि विचारले, "काय जागा आहे हो ही. कोणी बांधली?"

गिरमाजीने डोंगराकडे पाहिले.

"बांधलेली नाही," तो म्हणाला. "होतीच."

"तरीच," तो माणूस म्हणाला.

गिरमाजी थोडा सरकला आणि मागे उभ्या असलेल्या एका बाईला त्याने बसायला जागा करून दिली.

तात्पर्य: जे आधीच पुरे आहे तिथे आपला हात आवरणे, हेही मोठे काम असते, मग त्यावर आपले नाव नसले तरी चालेल.