शिसं न पाहिलेला साचा

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट. एका लोहाराच्या लेकीला वाटलं होतं, आपल्या गावचा बंदुकीच्या गोळ्यांचा साचा उघडला की आत काळंकुट्ट दिसेल. प्रत्यक्षात साचा उघडला, तर आत नव्या भांड्यासारखं लख्ख. ती जागच्या जागी खिळली.

असं का झालं, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

डोंगरातल्या एका खिंडीच्या तोंडाशी तिचं गाव होतं. त्या गावात एका नेमबाजाची गोष्ट पोरांना बोलता येण्याआधीच पाठ होई. साठ वर्षांपूर्वी शत्रूची तुकडी खिंडीत शिरली, नेमबाज एकटाच खडकावर बसला आणि त्यानं शंभर जणांना टिपलं. राजानं खूश होऊन खिंडीतलं हिरवंगार कुरण गावाला इनाम दिलं. त्या कुरणावर गुरं जगत आणि गुरांवर गाव. नेमबाज कधीच वारला होता, पण दर दसऱ्याला त्याच्या बंदुकीची पूजा होई आणि ढोलावर मोजून शंभर ठोके पडत.

लोहाराची लेक लहानपणीच दूरदेशी शिकायला गेली. तिथं ती धातूंची विद्या शिकली. तिकडच्या मैत्रिणींना ती अभिमानानं सांगे, "आमच्या एकट्या माणसानं शंभर लोळवले!" मैत्रिणी डोळे विस्फारत, आणि हिच्या अंगावर मूठभर मांस चढे. परत आली तेव्हा तिच्या मनात एकच ध्यास होता, आपली विद्या आपल्या मुलखाच्या कामी यावी.

त्याच वर्षी राजानं एक दालन बांधलं. गावोगावच्या जुन्या बंदुकांचे साचे मागवायचे, त्यांची पारख करून मोल ठरवायचं, आणि ज्या साच्यानं राज्याची सर्वांत मोठी सेवा केली तो मधल्या कोनाड्यात ठेवायचा, असं त्यानं ठरवलं. पारखी म्हणून त्यानं या मुलीलाच नेमलं.

त्या काळी प्रत्येक बंदुकीची नळी हातानं कोरलेली असे. एकीसारखी दुसरी नसे. म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचाही घडवत आणि जोडीची खूण म्हणून दोन्हींवर सारख्याच रेघा कोरत. दिसायला तो अडकित्त्यासारखा. दोन पाती मिटली की मधे गोल पोकळी राही. तीत वितळलेलं शिसं ओतायचं, वर आलेलं शेपूट कापायचं, पाती उघडायची, की गोळी बाहेर.

मुलीची पारखायची रीत साधी होती. आधी साच्यावरच्या रेघा आणि बंदुकीवरच्या रेघा जुळतात का ते ती बघे. मग साच्यात मेण ओतून गोळी पाडी आणि ती नळीत सोडून बघे. दोन पाती मिटल्यावर फटीतून उजेड दिसला, की मोल निम्मं. शेवटी ती पोकळी उन्हाला धरी. शिसं ओतलेल्या साच्याच्या आत करडी पुटं बसतात, लोखंडाला तापून निळी झाक येते. ती कोणाला लपवता येत नाही आणि सहज आणताही येत नाही.

"माझ्या पणज्याच्या हातचा साचा आहे, बाई," एका गावचा सावकार म्हणाला होता.

"पणजे मागच्या पावसाळ्यापर्यंत होते का?" तिनं विचारलं. "हा गंज मिठाच्या पाण्यातला आहे, शेटजी." सावकारानं साचा उचलला आणि घरचा रस्ता धरला.

असे एकोणचाळीस साचे झाले. आपल्या गावचा तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

पारावर सगळा गाव जमला. पाटलांनी लाल फडक्यातून साचा आणि बंदूक काढली. साच्यावर पाच रेघा, बंदुकीवरही पाचच. मेणाची गोळी नळीत अलगद उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं साचा उघडून उन्हाला धरला. आत सगळं लख्ख होतं.

"बोल की पोरी," पाटील हसत म्हणाले, "मधला कोनाडा आपलाच ना?"

"पाटीलबाबा, या साच्यात कधी शिसं ओतलेलंच नाही."

टाळ्या थांबल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्याच्या साच्यातल्या गोळ्या घेतल्या असतील त्यानं!"

"दुसऱ्याचा जोडा एक वेळ पायात जाईल, पण दुसऱ्या साच्याची गोळी या नळीत नीट बसायची नाही." तिनं बंदुकीच्या कानावरून बोट फिरवलं. बत्ती जिथून दारूला लागते ते हे भोक. "बघा, याची कडा अजून बोटाला लागते. शंभर बार झाले असते तर ती झिजून गेली असती. ही बंदूक कधी उडालीच नाही."

पाराच्या कडेला एक म्हातारा बुरूड टोपली विणत बसला होता. नेमबाजाचा तो एकच जिवंत उरलेला सोबती. त्यानं कामटी खाली ठेवली.

"सुटलो एकदाचा," तो म्हणाला. "वाटलं होतं, हे माझ्याबरोबरच सरणावर जातंय."

"आजोबा, मग त्या शंभर माणसांचं काय झालं?"

"माणसं कुठली? पोरं होती गं. मिसरूड न फुटलेली. त्यांचा सरदार मेला होता, चार दिवसांची उपाशी, वाट चुकलेली. आमच्या गड्याची बंदूक नवी कोरी होती, गोळ्या पाडायला शिसं घेऊनच तो खडकावर बसला होता. त्यानं त्यांना पाहिलं, बंदूक तिथंच टेकवली, ती पुन्हा कधी चालवली नाही, आणि रिकाम्या हातानं खाली उतरला. घरोघरी भाकऱ्या थापल्या गेल्या. त्यानं वाढल्या, मी पाणी पाजलं. मग त्यांना पलीकडची उतरण दाखवली. मी मोजली, शंभर होती. शंभरही घरी गेली."

"मग ही गोष्ट?"

"तिसऱ्या दिवशी राजाचा अंमलदार आला. शत्रूला भाकरी देणाऱ्याला तेव्हा सुळावर देत. तेव्हाच्या पाटलानं घाबरून सांगून टाकलं, शंभर मारले, दरीत फेकले. बक्षीस म्हणून कुरण मिळालं आणि गावाची तोंडं शिवली गेली. दसऱ्याला ढोल सुरू झाला की आमचा गडी गोठ्यात जाऊन कानांत बोटं घालून बसायचा. लोक म्हणायचे, केवढा विनयशील!"

दूरदेशी आपण कशाची फुशारकी मारत होतो, ते मुलीला आठवलं. शंभर मरणं तिनं किती आनंदानं सांगितली होती! आणि ती मरणं झालीच नव्हती, याचा आनंद व्हायच्या ऐवजी क्षणभर तिला वाईट वाटलं होतं. त्या क्षणाची तिला शिसारी आली.

पाटील आधी सावरले. "झालं गेलं विसरा. उद्या सकाळी साचे न्यायला राजाचा हरकारा गाडी घेऊन येईल. आज भट्टी पेटव, साचा चांगला तापव, वीस-पंचवीस गोळ्या पाड. पुटं बसतील, झाक येईल. तुझ्याइतकी पारख दुसऱ्या कोणाला आहे?"

"पाटीलबाबा, मी पारखी आहे!"

"हो ना! आणि आमची गुरं काय तुझी विद्या चरणार?"

लोक हसले. एवढ्यात गर्दीतून तिचा बाप पुढं आला. त्याच्या हातात शिसं वितळवायची पळी होती. त्यानं ती तिच्यापुढं ठेवली.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"आपल्याही दोन गाई तिथंच चरतात, पोरी." बापानं मान वर केली नाही.

बाकी कशाहीपेक्षा हा घाव तिच्या वर्मी बसला. ती साचा घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरकारा आला, तेव्हा भट्टी पेटलेली होती. पळीत शिसं वितळलं होतं. बाप भात्याशी उभा होता आणि सगळा गाव दाराशी. मुलीनं सांडशीनं पळी उचलली आणि सगळं शिसं राखेत ओतून टाकलं.

मग तिनं साच्याला चिठ्ठी बांधली आणि मोठ्यानं वाचली: "पाच रेघांचा साचा. यात एकदाही शिसं ओतलेलं नाही. याच्या धन्यानं शंभर मुलं घरी पाठवली. मोल, सर्व साच्यांत वरचं."

"आणि कुरण गेलं तर?" बापानं विचारलं.

"तर पुन्हा मागू, बाबा. शंभर पोरं जगवली म्हणून मागू. मारली म्हणून मिळालेलं आता एक दिवसही नको. मी स्वतः जाते राजाकडे."

पाटलांनी पाठ फिरवली. म्हातारा बुरूड मात्र काठी टेकत गाडीपाशी आला. "मला वर घ्या रे," तो हरकाऱ्याला म्हणाला. "साक्षीला कोणीतरी हवं."

गाडी हलली. गुराखी गुरं घेऊन खिंडीच्या तोंडाशी पोचला होता. तो तिथंच थांबला आणि वळून गावाकडे बघू लागला. कुरणात जाऊ का, असं साठ वर्षांत पहिल्यांदाच कोणी नजरेनं विचारत होतं.

या गोष्टीनं सांगायचं ते एवढंच: शस्त्राचं मोल त्यानं किती मारले यावर नाही, ते हाती असताना किती जगवले यावर ठरतं, आणि खोटी काजळी फासून ते वाढत नाही.