डोंगरानं पाय आखडला

एकदा काय झालं, एक होता डोंगर. डोंगराच्या अलीकडं करंजवाडी आणि पलीकडं राजाचं नगर. मधे हा बाबा आडवा पाय पसरून झोपलेला. त्यामुळं नगरातलं कुणी वाडीकडं फिरकतच नव्हतं.

वाडीत हौसा नावाची बाई राहायची. तिची धाकटी जाऊ साळू. दोघी एकाच मांडवातून त्या घरात आलेल्या. त्यांच्या रानात घेवडा व्हायचा. कोवळा, हिरवागार, मोडला की कट्कन वाजायचा. आता कुठं बघायला मिळतो तसा घेवडा! बाजारच्या दिवशी दोघी डोक्यावर पाट्या घेऊन नगराला निघायच्या. डोंगर चढताना ओव्या म्हणायच्या, माथ्यावर वाऱ्याला बसून भाकरी खायच्या. त्यात सुख होतं, बरं का. पण बाजारात पोचेपर्यंत उन्हं कलायची आणि घेवडा माना टाकायचा. व्यापारी पाटीत हात घालून म्हणायचा, "कोमेजलाय, बाई. द्यायचा तर दे, नाहीतर ने परत." ते ओझं घेऊन पुन्हा डोंगर कोण चढणार? मग म्हणेल त्या भावाला द्यायचं आणि गुमान घरी यायचं.

असं होता होता वाडी रिकामी होऊ लागली. आज या घराला कडी, उद्या त्या घराला. एक दिवस साळूनं आणि तिच्या नवऱ्यानंही बोचकं बांधलं. हौसा त्यांना वाडीबाहेरच्या पांदीपर्यंत पोचवायला गेली. साळू म्हणाली, "आक्का, माझं अंगण तेवढं झाडत जा." आणि मागं वळून न बघता गेली.

मग हौसा रोज दोन अंगणं झाडायची. एका सकाळी झाडता झाडताच तिला रडू फुटलं. खराटा टाकला आणि ती तडक डोंगराच्या पायथ्याशी गेली. म्हणाली, "डोंगरबाबा, जरा बाजूला सरक की रे."

आणि डोंगर बोलला. पूर्वी बोलायचे डोंगर, कुणी विचारलं तर. म्हणाला, "सरकलो असतो गं. पण माझ्या अंगावर पांघरूण कुठाय? झाडं तुम्ही तोडलीत, माती पावसानं नेली. असा उघडा उठलो तर ढासळेन आणि तुमच्याच अंगावर येईन."

मग हौसानं उतारावर रोपं लावली. ती शेरडांनी खाल्ली. तिनं पुन्हा लावली, भोवती काट्याच्या फांद्या रोवल्या. लोक हसले. मग हसणाऱ्यांतलेच दोघं-चौघं कुदळ घेऊन आले. दगडाचे बांध घातले, माती अडली. आवळा वाढला, जांभूळ वाढली, करंज दाट झाली.

मग हौसा पुन्हा गेली. डोंगर म्हणाला, "पांघरूण झालं, पण तहान फार लागलीय. पाऊस अंगावरून नुसता पळतो. त्याला थांबव."

मग उतारावर आडवे चर खणले. पावसाचं पाणी चरात बसलं, हळूहळू डोंगराच्या पोटात मुरलं. आणि गंमत अशी झाली, बरं का, की ऐन उन्हाळ्यातही वाडीच्या विहिरीला पाणी राहिलं. एकदा होणारा घेवडा आता दोनदा होऊ लागला.

मग हौसा तिसऱ्यांदा गेली. डोंगर म्हणाला, "आता उठेन. पण एकटीच्या हाकेनं माझी झोप मोडत नाही. सगळी वाडी घेऊन ये."

हे मात्र अवघड होतं. वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं बोलणंच नव्हतं. का नव्हतं, ते कुणालाच आठवत नव्हतं. हौसा घरोघर हिंडली. खालच्या आळीचा म्हातारा गोंदाजी काही ऐकेना. त्याचं एकच, वरच्या आळीनं आधी यावं. हौसा त्याच्या दारातच बसली. म्हणाली, "गोंदाजीबाबा, दोन्ही आळ्यांची पोरं गेली. आता रुसायला तरी कोण उरलंय?"

म्हातारा उठला. मग त्यानं काठी उचलली आणि तो वरच्या आळीच्या वाटेला लागला.

सगळी वाडी पायथ्याशी जमली. सगळ्यांनी मिळून हाक दिली. पाखरं भर्रकन उडाली, जमीन घुमली आणि डोंगरानं आपला पसरलेला पाय सावकाश आखडून घेतला. तिथं खिंड पडली. खिंडीतून पलीकडं नगराचा कळस दिसला. बायका बघतच राहिल्या.

पुढच्या बाजारी सगळ्या बायका खिंडीतून गेल्या. पाटीतल्या घेवड्यावरचं दव अजून वाळलं नव्हतं. पण व्यापारी तोच. एकीपाशी जायचा, म्हणायचा, पलीकडची स्वस्त देतेय. दुसरीपाशी जाऊन तेच सांगायचा. बायका बावरल्या, भाव उतरवू लागल्या. हौसाच्या मनात आलं, एवढं करून पुन्हा तेच?

तेवढ्यात एक हमाली करणारी बाई तिच्यापुढं थांबली. तिनं पाटीतली एक शेंग उचलली, कट्कन मोडली, नाकाशी धरली.

"आक्का, हा आपल्या रानातला ना?"

ती साळू होती. हौसानं तिला जवळ ओढलं. मग साळूनं डोळे पुसले आणि कंबर कसली. ओझी वाहून वाहून तिला बाजारातली गल्लीन्‌गल्ली पाठ झाली होती. म्हणाली, "अशा सुट्या सुट्या बसू नका. माल एका जागी मांडा, भाव एकच सांगा. आणि आक्का, तू चल माझ्याबरोबर. राजाच्या मुदपाकखान्यात ताज्या भाजीसाठी रोज ओरड असते."

मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यानं घेवडा बघितला. एवढंच विचारलं, "रोज आणाल का?"

हौसा म्हणाली, "रोज आणू."

मग व्यापारीही आला. त्याला आता वाडीच्या भावानंच घ्यावं लागलं, आणि त्यानं घेतलंही. माल चांगला होता, त्याचंही गिऱ्हाईक वाढलं. साळू आणि तिचा नवरा त्याच संध्याकाळी सगळ्यांबरोबर खिंडीतून परत आले. त्यांच्या मागून दुसरी घरंही उघडली. कुणी गाडी केली, कुणी बैल घेतले. दिवेलागणीला घराघरातून धूर निघू लागला. हौसा नि साळू म्हाताऱ्या झाल्या, त्यांना नातवंडं झाली, सगळे पोटभर जेवून सुखासमाधानानं राहिले.

झाली बरं गोष्ट. बाळांनो, दिवा बारीक करते आता. मिटा डोळे.